मी गोणपाट सुकू दिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता वय झालं, दुपारी जरा पडलं की डोळ्यांपुढे तेच येतं म्हणून — कुडाची भिंत, फटींतून आत आलेल्या उन्हाच्या रेघा, आणि तो आवाज. बुडुक... बुडुक... पाण्यातून हवा वर येते, फुटते, पुन्हा वर येते. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी पायरीवर तो ऐकू येतो. मग झोप येत नाही.

बिअरचा आवाज आहे तो. हसा, हसलात तरी चालेल. सापगावच्या बौद्धवाड्यातली, पंचशील म्हणत वाढलेली बाई, आणि आयुष्यभर कानात काय — तर आंबत्या बिअरचे बुडबुडे.

माझा धाकटा भाऊ मिलिंद. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. मीच त्याला न्हाऊमाखू घातलं, मीच शाळेत सोडलं. आमचे वडील — आबा — रेल्वेत गँगमन. रूळ ठोकून ठोकून हात असे झालेले की आमच्या गालावरून फिरवायचे तर उलट्या बाजूने फिरवायचे. बोलणं कमी. पण एका गोष्टीत पक्के. त्यांचा बाप दारूत गेला होता, त्यामुळे पाचवं शील आबांसाठी नुसतं म्हणायचं शील नव्हतं. घरात दारूचा थेंब नको. पाहुण्यालासुद्धा नको.

आणि मिलिंद आखातातून परत आला तो बिअर शिकून.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा. तिकडे तो कामगारांच्या कॅम्पच्या किचनमध्ये होता. तिथे एक म्हातारा इंग्रज फोरमन होता, तो चोरून खोलीत बिअर करायचा. मिलिंद त्याला मदत करता करता शिकला. आणि नुसता शिकला नाही, त्याला त्याचं वेडच लागलं. दारू प्यायचं नव्हे — करायचं. कल्याणहून जव आणायचा, ओल्या फडक्यात मोड आणायचा, अंगणात वाळवायचा, हलके भाजायचा, गिरणीत जाडसर भरडायचा. त्या फोरमननं निघताना दिलेली वाळकी कडू फुलं एका डब्यात होती. डबा उघडला की घरभर वेगळाच वास सुटायचा, पावसाळ्यानंतरच्या रानासारखा. आबा तेवढ्यापुरते उठून ओट्यावर जायचे.

“माझ्या घरात नाय,” एवढंच ते म्हणाले होते.

म्हणून मिलिंदनं मागचा गोठा घेतला. गुरं कधीच विकली गेली होती. आम्ही दोघांनी तो सारवला, कूड लिंपला, वर पेंढ्याचा थर चढवला. बेकायदा होतं हे, ठाऊक होतं आम्हाला. पण मिलिंद विकत नव्हता, शिकत होता. निदान तेव्हा तरी.

तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बिअर करणं अवघड नसतं. अवघड असतं ती थंड ठेवणं. यीस्ट घातलं की ते गोड पाणी जिवंत होतं, आणि काम करता करता आतून तापायला लागतं — ताप आलेल्या पोरासारखं. बाहेर आमच्याकडचा वैशाख, त्यात हे आतून तापतं. पहिले दोन-तीन दिवस त्याला सांभाळलं तर ते गुणी होतं. नाही सांभाळलं तर आधी पिकल्या केळ्याचा वास येतो, मग नेलपॉलिशचा, आणि एकदा तो आला की जात नाही. पुढे कितीही बर्फ घाला. मिलिंदची पहिली दोन पिंपं अशीच बिघडली होती.

मग त्यानं युक्ती काढली. पिंप मोठ्या टपात ठेवायचं, टपात विहिरीचं पाणी. पिंपाला गोणपाट गुंडाळायचं, त्याची टोकं पाण्यात. समोर टेबलफॅन. गोणपाट पाणी वर ओढतं, वाऱ्यानं ते उडून जातं, आणि आतलं पिंप गार राहतं — मडक्यासारखंच. दुपारी शहापूरहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणायची आणि तिचे तुकडे टपात सोडायचे. टपाच्या पाण्यात दोऱ्याला बांधलेला काचेचा थर्मामीटर. पिंपाच्या झाकणातून एक नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. आत काम चाललं की बाटलीत बुडबुडे यायचे.

आणि गोणपाट ओलं ठेवायचं काम माझं.

ते दिवस... कसं सांगू? मी तिशीला आलेली, लग्न न झालेली बाई. घर, आबांचा डबा, विहारातली बालवाडी. आणि अचानक दुपारभर त्या अंधाऱ्या गोठ्यात बसायचं, बाहेर सगळं पांढरं भाजून निघत असताना आत मात्र ओल्या तागाचा वास, सारवलेल्या जमिनीचा गारवा, पंख्याची घरघर. मिलिंद जमिनीवर उताणा पडून आखातातल्या गोष्टी सांगायचा. वाळूत हरवलेली गाडी, समुद्रातून वर आल्यासारखी रात्रीत उभी राहिलेली शहरं. मी तांब्यानं पाणी सोडायची, गोणपाट काळं होत जायचं. सांगता सांगता तो झोपून जायचा. मीही पेंगायची. स्वप्नात ते बुडबुडे यायचे, आणि जागी झाले तरी तेच. कुठलं कुठे संपतं, कळायचं नाही. एवढ्या सुखात मी कधी होते? त्याआधी नाही. नंतरही नाही.

चैत्रातलं पिंप जमलं. मी एक घोट घेतला — हो, घेतला, स्टीलच्या पेल्यातून. कडू, मग हळूच भाकरीसारखी चव. मिलिंद माझ्या तोंडाकडे बघत होता. “कशी हाय गो ताय?” मी म्हटलं, गार हाय. तो इतका हसला की आबांनी ओट्यावरून खाकरून दाखवलं.

ती बिअर मित्रांना चाखवण्यात संपली. आणि मग गोव्याहून निरोप आला. आखातात मिलिंदच्या ओळखीचा झालेला एक हॉटेलवाला होता. त्याला आपल्या हॉटेलात स्वतःची बिअर करायची होती, रीतसर परवाना काढून. तो मे महिन्यात मुंबईला यायचा होता. म्हणाला, येताना तुझ्याकडे येतो, चाखतो. आवडली तर तूच चल.

मिलिंदनं नवीन पिंप लावलं. यीस्ट घातलं त्या संध्याकाळी तो गोठ्याच्या दारात बसला होता, आणि त्याचा चेहरा — मी त्याला लहानपणापासून पाहिलंय, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता. “जमलं तर मी जानार गो ताय,” तो म्हणाला. “कायमचा. तिकडं समुद्राच्या बाजूला खोली देनार हाय तो.”

मी म्हटलं, बरं होईल.

तू काय करशील, असं त्यानं विचारलं नाही. का विचारावं? पोरं जातात. पण मी वाट बघत होते, त्यानं विचारावं म्हणून. भांडी घासताना वाट बघितली, अंथरूण घालताना बघितली. त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाटल्या आणि बुचं आणायला कल्याणला गेला. जाताना म्हणाला, “लाइटीचा भरवसा नाय. तेवढं गोणपाट सुकू देऊ नको. बास.”

आता सांगते. सांगायलाच बसले आहे ना.

दुपारी लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. मी गोठ्यातच होते. पाण्यानं भरलेली बादली माझ्या हाताशी होती, तांब्या त्यात तरंगत होता. टोपलीत भुशाखाली आदल्या दिवशी आणून ठेवलेला बर्फ होता. मला झोप लागली नव्हती. मी विसरले नव्हते. मी बसून राहिले, आणि गोणपाट सुकताना बघत राहिले.

सगळ्यात आधी वरची कड फिकी होते. मग तो फिकेपणा खाली सरकतो, अगदी सावकाश — ओहोटीच्या पाण्यासारखा. मी टोकं पाण्यातून काढून वर टाकली. हो, तेही केलं. आणि कुडाचं दार सताड उघडलं, बाहेरची झळ आत आली. बाटलीतला आवाज बदलायला लागला. बुडुक... बुडुक... मग बुडुकबुडुक, मग आवाजात फटच राहिली नाही, जणू आत कुणी घाईघाईनं काहीतरी सांगतंय. मी ऐकत होते. मला वाटतं मी हसतही होते, नक्की आठवत नाही. अंग हलकं झालं होतं, पाण्यावर तरंगल्यासारखं. हा जाणार नाही, एवढा एकच विचार होता, आणि तो किती मऊ होता, काय सांगू. पिकल्या केळ्याचा वास आला तेव्हाही मी उठले नाही.

माया होती, म्हणू का? नाही म्हणत. मायेत माणूस बादली हाताशी असताना बसून राहत नाही.

मग दारात सावली पडली. आबा. कोयता न्यायला आले असतील. ते त्या गोठ्याकडे कधी फिरकत नसत. त्यांनी सुकलेलं गोणपाट पाहिलं. भरलेली बादली पाहिली. मला पाहिलं. कोयता घेतला आणि निघून गेले.

उन्हं कलल्यावर मी सगळं पुन्हा भिजवलं. टोकं पाण्यात सोडली, सगळा बर्फ टपात ओतला, दार लावलं. मिलिंद आला, थर्मामीटर उचलून बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “माजी ताय असताना काय काळजी?”

तो हॉटेलवाला आला त्या दिवशी आमच्या अंगणात खुर्ची टाकली होती. त्यानं पेला नाकाशी नेला आणि तिथेच थांबला. सभ्य माणूस होता, एक घोट घेतला त्यानं. मग पेला ओट्यावर ठेवून उन्हाळ्याबद्दल बोलायला लागला. मिलिंदला सगळं कळलं. त्याला ते आधीच कळलं असणार, बाटल्या भरताना वासावरूनच. पण माणूस शेवटपर्यंत आशा सोडत नाही, नाही का?

गाडी गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी तांदूळ निवडत होते. “हे तापल्यालं हाय,” तो म्हणाला. “पयल्याच दिवशी तापलंय. ताय, मी कल्यानला गेलो तवा तू व्हतीस ना तिथं?”

मी म्हटलं, “दुपारी जरा घरात टेकले. डोळा लागला माझा.”

आणि मग — इथे मी थांबू शकले असते. त्यानं मला दोन शब्द लावले असते, रागावला असता, संध्याकाळपर्यंत विसरला असता. पण मी पुढे बोलले. “जाग आली तवा आबा मागून येताना दिसले. कोयता व्हता हातात.”

यातलं आबांबद्दलचं तेवढं खरं होतं. आबा खरंच मागून आले होते, कोयता खरंच हातात होता. हेच तर वाईट. पूर्ण खोटं बोलले असते तर कदाचित पकडले गेले असते.

मिलिंद ओट्यावर गेला. मी सूप हातात घेऊन दारापर्यंत गेले. “आबा, तुमी गेलते का गोठ्यात?” आबा म्हणाले, गेलो होतो. “तुमीच केलं ना? तुमाला बघवत नव्हतं.” आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. किती वेळ? मला फार वेळ वाटला. ते वाट बघत होते, मी बोलेन म्हणून. मी सुपातला खडा शोधायला लागले.

मग ते म्हणाले, “समज काय समजायचं ते.”

पाऊस सुरू व्हायच्या आत मिलिंद पुन्हा आखातात गेला. निघताना आबांच्या पाया पडला नाही. आणि नंतर वर्षांमागून वर्षं आला नाही. मला फोन करायचा, मला साड्या पाठवायचा. आबांचं नावही काढत नसे.

माझं लग्न झालं पुढे, मुरबाडला. माणूस चांगला मिळाला. आबा सापगावात एकटेच राहिले, आणि दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी आजारी पडले, तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. एवढ्या वर्षांत त्या दुपारीबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटायचं, विसरले. मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून तसाच, खरखरीत. “त्याला सांग,” ते म्हणाले. “मी हाय तवर सांग गो. एवढंच.”

मी हो म्हटलं. चप्पल घातली आणि स्टँडजवळच्या पीसीओत गेले. काचेचा डबा, आत उकाडा, बाहेर कल्याणच्या जीपवाल्यांची ओरड. फोन लागला. मिलिंदचा आवाज एका श्वासाचं अंतर ठेवून यायचा, विहिरीतून आल्यासारखा. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “तिकडं लय गरम हाय का रे?” तो हसला. “इथं सगळीकडं एसी हाय गो ताय. थंडी वाजते.” आणि मग म्हणाला — इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच — “आबा कसे हायेत? कोन तरी सांगत व्हता, आजारी हायेत. येऊ का मी?”

येऊ का, म्हणाला तो. आला असता तर आबांच्या उशाशी बसला असता. आबा बोलले असते, किंवा मला बोलावं लागलं असतं.

“बरे हायेत,” मी म्हटलं. “हिंडतात, फिरतात. एवढा खर्च करून कशाला येतोस?”

बिअर बिघडली ती बिघडली. हे मी जे केलं, ते सांगायला इतका वेळ फिरत होते.

घरी आले तर आबा उठून बसले होते. सांगितलंस? त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, “सांगितलं आबा. रडला तो. येतो म्हनाला.”

त्यांनी दाढी करून घेतली. पांढरा सदरा काढायला लावला, त्याला इस्त्री करून घेतली, आणि तो खुंटीला समोरच टांगायला सांगितला. ते नीट जेवायला लागले. माझ्या नवऱ्याला म्हणायचे, “मिलिंद येतोय.” जीपचा हॉर्न वाजला की मान वळायची. आठवडाभर असं चाललं असेल, किंवा थोडं जास्त. मग एका दुपारी ते खिडकीकडे तोंड करून पडले होते, आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा गेलेले होते. त्यांचा चेहरा शांत होता. लोक म्हणाले, किती शांत गेले.

मिलिंद पुण्यानुमोदनाला पोचला. केस पिकायला लागलेले, पोट सुटलेलं, अंगाला अत्तराचा वास. लोक एकेक करून उठून आबांबद्दल बोलत होते. तो मागे उभा होता. त्याला कुणीतरी बोलायला सांगितलं, त्यानं हात जोडून नकार दिला. जेवणं झाली, मंडळी पांगली. मग तो आत माझ्याजवळ येऊन बसला, पाय पसरून, लहानपणी बसायचा तसा.

“ताय,” तो म्हणाला, “मी लय वाट बघितली. एकदा जरी बोलावलं असतं ना त्यांनी, मी सगळं इसरून आलो असतो. शेवटी शेवटी तरी... माजं नाव काढलं का गो कधी?”

त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. समोर खुंटीवर सदरा होता, इस्त्री केलेला.

“नाय,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग उठला, आणि मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावू लागला.